पांढरं अंडं वेचणारे मामा

पावसाळ्यात लोक लोणावळ्याला भिजायला जातात. मी तिथल्याच वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात गेले ती महाशीरची वीण पाहायला. गळाला लागला की भल्याभल्यांना घाम फोडणारा हा मासा इथे ओल्या फडक्यात गुंडाळून बाळंतिणीसारखा हाताळतात, हे ऐकून राहवलं नव्हतं.

महाशीर पुराच्या पाण्यात वर चढतो आणि खडीवर अंडी घालतो. धरणांनी ती वाट अडवली, म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे माणसाच्या हातून वीण करवण्याचं काम चालू आहे. मादीचं पोट हलकेच दाबायचं, टबात उतरलेल्या पिवळ्याधमक अंड्यांवर नराचं वीर्य घ्यायचं, पिसाने कालवायचं, ट्रे वाहत्या पाण्यात ठेवायचे. इथवर सगळं झटपट.

खरं काम पुढे, एका मामांच्या हातात. ते ट्रेवर वाकून रबरी फुग्याच्या नळीने मेलेली अंडी टिपत होते. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या जिवंत अंड्यालाही गिळते. ‘‘चार दिवस, ताई,’’ मामा मान वर न करता म्हणाले. ‘‘रोहू-कटला रात्रीत फुटतो. ह्याला चार दिवस.’’ हजारो अंड्यांतलं नेमकं पांढरं त्यांना दिसत होतं. मला दाखवल्यावरही दिसेना. फुटलेली पिल्लं उजेडाला भिऊन ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून दाटीने पडली होती.

इतक्या मायेने जगवलेलं पिल्लू जातं कुठे, हा प्रश्न मात्र सुटेना. हा निळसर परांचा महाशीर आपल्याकडचा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतून. पण लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथला वशिंडाचा, नारिंगी परांचा अजस्र महाशीर शिकाऱ्यांना शतकभर ठाऊक, पण त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये आणि त्याच वर्षी धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं आहेतच. पण आपला पाहुणाही तिथे घरमालक होऊन बसला आहे. त्याच लाल यादीत आपल्या महाशीरची मात्र आता फारशी चिंता उरलेली नाही.

पिल्लं सोडण्याचे फोटो छापून येतात, आकडे लाखांत असतात. आधी त्या नदीत कोण राहत होतं, याचा रकाना त्यात नसतो. मामांना कावेरीचं विचारलं. ‘‘आपलं काम जगवायचं,’’ ते म्हणाले आणि पुढचा ट्रे ओढला. ‘‘ह्याचा आज तिसरा दिवस.’’