खोडलेली नोंद आता कुठे जाते?

बांधीव वह्यांच्या काळात किर्दीत खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा, शेजारी सही करायची. रेघेखालचा जुना आकडा वाचता येत असे, आणि लेखापरीक्षकाचे लक्ष आधी अशाच ठिकाणी जाई. हिशेब संगणकावर आले आणि ही खूण पुसली गेली. व्हाउचर उघडा, रक्कम बदला, सेव्ह करा. जुन्या आकड्याचा मागमूस उरत नसे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२१मध्ये कंपन्यांच्या लेख्यांविषयीच्या नियमांत बदल केला, तो यासाठीच. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली आणि १ एप्रिल २०२३पासून नियम लागू झाला. कंपनी हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्यात ‘ऑडिट ट्रेल’ हवा. प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद, म्हणजे ‘एडिट लॉग’, झाली पाहिजे, आणि ही सोय कोणालाही बंद करता येता कामा नये. कंपनी लहान आहे म्हणून सूट नाही. शेतकरी उत्पादक कंपन्याही कंपनी कायद्याखालीच नोंदलेल्या असल्याने त्याही यात आल्या.

अशाच एका कंपनीचे उदाहरण घेऊ. कांद्याच्या वाहतुकीचे बिल ४८,००० रुपयांचे, पण घाईत नोंद झाली ८४,०००ची. चार दिवसांनी चूक लक्षात आली आणि रक्कम दुरुस्त केली. खतावणीत आता ४८,०००च दिसतात. पण एडिट लॉग उघडला की त्या व्हाउचरच्या दोन्ही आवृत्त्या समोर येतात: पहिली कोणत्या युजरने, कधी केली, दुसरी कोणी, कधी, आणि दोन्हींत फरक कुठे पडला. व्हाउचर डिलीट केले तरी त्याचा माग राहतो. ऑक्टोबरमध्ये बसून ३१ मार्चच्या तारखेची नोंद केली, तर व्हाउचरवर मार्च आणि लॉगमध्ये ऑक्टोबर दिसतो. माझ्या मते या बदलातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे, कारण मागच्या तारखेने नफा-तोटा जुळवून घेणे आता झाकून राहत नाही.

मात्र लॉग माणूस ओळखत नाही, लॉगिन ओळखतो. कार्यालयातले सगळे एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने आणि एकाच पासवर्डने काम करत असतील, तर प्रत्येक बदलापुढे ‘अ‍ॅडमिन’ एवढेच छापून येईल. त्यातून जबाबदारी कोणावरच येत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळे लॉगिन देणे हे पहिले काम आहे, आणि त्याला सहसा फारसा खर्चही येत नाही.

मोठ्या कंपन्यांची अडचण वेगळी आहे. तिथे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागे डेटाबेस असतो. ज्याच्या हाती त्याचे थेट अधिकार आहेत, तो हिशेबाचा पडदा न उघडता आकडा बदलू शकतो आणि वरच्या लॉगला त्याचा पत्ताही लागत नाही. हे रोखायचे तर डेटाबेसच्या पातळीवरही लॉग चालू ठेवावा लागतो. त्याने यंत्रणा मंदावते, साठवणुकीचा खर्च वाढतो. नियमाच्या पहिल्याच वर्षी कितीतरी कंपन्यांच्या लेखापरीक्षकांनी नेमकी हीच उणीव अहवालात नोंदवली.

लेखापरीक्षकाला हे लिहावेच लागते. लेखापरीक्षणाच्या नियमांतल्या ११(जी) या कलमाखाली त्याने चार गोष्टी सांगायच्या असतात: अशी सोय असलेले सॉफ्टवेअर वापरले का, ती वर्षभर सर्व व्यवहारांसाठी चालू होती का, लॉगमध्ये छेडछाड आढळली का, आणि लॉग जपून ठेवला का. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची असतात, तोच दंडक लॉगलाही लागू होतो.

लॉग काय सांगू शकत नाही, हेही समजून घ्यायला हवे. पहिल्याच फटक्यात खोटी नोंद केली आणि पुढे तिला हात लावला नाही, तर लॉग स्वच्छच दिसेल. सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९च्या पत्रात रोख व बँक शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याची कबुली दिली. असला आकडा पकडायला बँकेकडून थेट, स्वतंत्रपणे शिल्लक तपासून घ्यावी लागते. ते काम लॉग करत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. हा नियम फक्त कंपन्यांपुरता आहे. पतपेढ्या आणि सहकारी साखर कारखाने सहकार कायद्याखाली येतात, त्यांना तो लागू नाही. ज्यांच्या घामाचा पैसा तिथे आहे, त्या ठेवीदारांना आणि ऊस उत्पादकांना हेच संरक्षण मिळायला हवे, आणि सभासदांनी वार्षिक सभेत त्याची मागणी करायला हवी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या भागधारकांना तर मागणीही करावी लागत नाही. लेखापरीक्षकाच्या अहवालात, इतर कायदेशीर बाबींच्या भागात ११(जी)चा परिच्छेद असतो. तिथे ‘ऑडिट ट्रेल वर्षभर चालू नव्हता’ असे लिहिलेले आढळले, तर तो कोणत्या तारखेपासून चालू झाला आणि त्याआधीच्या महिन्यांत कोणत्या नोंदी बदलल्या, हे संचालकांना सभेत उभे राहून विचारता येते.