चाला झाडांतून, मातीवरून नको

गिरगाव चौपाटीजवळच्या मलबार हिलच्या झाडीत महापालिकेने, म्हणजे करदात्यांच्याच पैशाने बांधलेला ४८५ मीटरचा निसर्ग उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. मधुमेह, रक्तदाब असलेल्या गिरगावकरांना सावलीत चालायला जागा मिळाली. पण ही झाडी आधी पक्ष्यांची, सरड्यांची आहे. माणसांच्या पायांखाली माती दबली, की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पालापाचोळ्यातले किडे घटतात आणि त्यांवर जगणारे पक्षी उपाशी राहतात. म्हणूनच मार्ग खांबांवर उभा आहे आणि एका वेळी २०० जणांनाच प्रवेश आहे. सुट्टीच्या गर्दीसाठी ही मर्यादा सैल करू नये. फिरणाऱ्यांनीही गोंगाट टाळावा, पक्ष्यांना खाऊ टाकू नये.