राजनिवासाचे कलासंग्रहालय

राजवट जाते, तिच्या वास्तू मागे उरतात. अल्बेनियातील साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजा यांच्या स्मरणार्थ १९८८ साली तिराना येथे बांधलेला पिरॅमिड पाडावा की राखावा, हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर २०२३ साली तो नव्या रूपात लोकांसाठी खुला झाला. संस्थाने विलीन झाल्यावर दिल्लीतील राजनिवासांचे काय करावे, हा प्रश्नही असाच होता.

इंडिया गेटजवळील जयपूर हाउस १९३६ साली जयपूरच्या महाराजांसाठी बांधले गेले. त्याची रचना पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी असून मध्यभागी घुमट आहे. २९ मार्च १९५४ रोजी तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जर्मन कलेतिहासकार हर्मन गोएट्झ हे त्याचे पहिले अभिरक्षक.

निवासाचे संग्रहालय करणे वाटते तितके सोपे नसते. राहत्या घराला भरपूर उजेड हवा. चित्रांचे रंग मात्र प्रखर प्रकाशाने फिके पडतात. घराच्या भिंती दारे-खिडक्यांनी तुटलेल्या, तर चित्रांना सलग भिंत लागते. पुढे संग्रह वाढला, जागा अपुरी पडली आणि २००९ साली आवारात नवे दालन खुले झाले. जुनी वास्तू मात्र तशीच राखली. एका राजघराण्यासाठी बांधलेल्या या घरात आज तिकीट काढून कोणीही जाऊ शकतो. अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा मोठा संग्रह येथेच आहे.