वाघाआधी सांबर शोधा

म्हैसूरहून एच. डी. कोटेमार्गे काबिनीला जाणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात वाघच असतो. दम्मनकट्टेहून सुटलेली सफारीची गाडी नागरहोळेच्या रानात शिरली, की सगळ्यांच्या नजरा झाडीत पट्टे शोधू लागतात. गाइडचे कान मात्र सांबराकडे लागलेले असतात.

चितळ जरा खुट्ट झालं तरी ओरडतं. सांबराचं तसं नाही. वाघाची चाहूल लागली, की ते जागीच खिळतं. कान ताठ होतात, शेपटी उभी राहते, पुढचा एक पाय जमिनीवर आपटू लागतो आणि मग ‘ढँक’ असा खणखणीत आवाज घुमतो. आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला, की गाइड इंजिन बंद करायला लावतो आणि सांबर कुठल्या दिशेला टक लावून उभं आहे ते न्याहाळतो. वाघाचा माग बहुधा तिथूनच सुरू होतो.

सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. थोराड नर तीनशे किलोच्या घरात जातो. कॅनडा-अलास्कातला मूस याच्या दुपटीहून मोठा, पण दोघांच्या सवयी जुळतात: मोठ्या कळपात न रमणं, दाट झाडी आणि पाण्याची ओढ. मूस दाखवणारे गाइड पहाटे आणि तिन्हीसांजेला तळ्यांचे काठ धुंडाळतात; काबिनीतही सांबर शोधायची वेळ तीच. रानकुत्री मागे लागली, की सांबर पाण्यात उतरून त्यांना तोंड देतं.

काबिनीचं धरण १९७४ साली पूर्ण झालं. उन्हाळ्यात त्याचं पाणी ओसरलं, की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत फुटतं आणि हत्ती-गव्यांबरोबर सांबरंही चरायला येतात.

नागरहोळेतले वाघ कशावर जगतात, हे उल्हास कारंथ आणि मेल्व्हिन सनक्विस्ट यांनी विष्ठा आणि शिकारींचे अवशेष तपासून पाहिलं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वाघ १७६ किलोंहून जड सावज निवडून मारतो, असं दिसलं. म्हणजे मुख्यतः गवा आणि सांबर.

तेच सांबर शिकार आणि आक्रसत चाललेली जंगलं यांमुळे २००८ पासून जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरलं आहे. तरीही सफारीत ते दिसलं, तर ‘हरीणच आहे, पुढे चला’ असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा गाइडला गाडी पाच मिनिटं थांबवायला जरूर सांगावं.