क्रूझ जहाज दुरुस्तीला जातं तेव्हा

पुण्याहून मुंबई-गोवा क्रूझला जाणाऱ्यांनो, जहाजाचं पोट कायम पाण्याखाली. मग ते तपासतात कसं? जहाज ड्राय डॉकमध्ये आणतात, दरवाजा लावून पाणी उपसतात आणि हजारो टनांचं ते धूड आधीच नकाशानुसार मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतं. मला हा क्षण सगळ्यात थरारक वाटतो! मग तळाला चिकटलेलं शेवाळ-शिंपले काढणं, नवा रंग, पंखा आणि सुकाणूची तपासणी. पोलाद गंजू नये म्हणून लावलेल्या, झिजलेल्या जस्ताच्या पट्ट्याही बदलतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचा तळ साधारणपणे ५ वर्षांत किमान २ वेळा असा कोरड्यात तपासावा लागतो. आशियातली पहिली मानली जाणारी ड्राय डॉक लवजी नुसरवानजी वाडियांनी १७५० मध्ये मुंबईतच बांधली. नौदलाच्या गोदीत ती आजही आहे.