कवडशांतील कण

सकाळीं खिडकीच्या फटींतून कवडसा पडला कीं त्यांत धुळीचे कण तरंगतांना दिसतात. आमच्या नैयायिकांनीं त्या कणास त्रसरेणु म्हटलें. दोन परमाणूंचें एक द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणु, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षांत त्या कणांत सहा नव्हेत, कोटींच्या कोटि अणु असतात. तेव्हां कणादांस सर्व कांहीं अवगत होतें असें छातीठोकपणें सांगणाऱ्या मंडळींशीं आम्ही सहमत नाहीं. तें अनुमान होतें, व अनुमान म्हणून थोरच होतें. परंतु परमाणु उचलून हवा तेथें ठेवण्याची कला निराळी.

घाटकोपर-मुलुंडकरांस परिचित असलेल्या पवईच्या तलावाकांठची आय्. आय्. टी. १९५८ सालीं सुरू झाली. तेथें २००६ पासून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या जोडीनें नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सचें केंद्र उभें राहिलें. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. अशा कामाच्या स्वच्छ खोलींत नखशिखांत वस्त्रें लेवून शिरावें लागतें. कारण आमचा त्रसरेणु तेथें पहाडासारखा आडवा येतो. या विद्येंत एक पद्धति मोठी सुरेख आहे : एक वायु सोडावा, त्याचा एकच पातळ लेप बसून तो आपोआप थांबतो, मग दुसरा सोडावा. थराची जाडी अशी अणूच्या मापानें हुकमांत राहते. मात्र थरांतील अमुक अणु अमुक जागीं, हें हुकमांत नसतें.

तें १९८९ सालीं अमेरिकेंत डॉन आयग्लर यांनीं करून दाखविलें. निकेलच्या पृष्ठावर झेनॉनचे ३५ अणु एकेक सरकवून त्यांनीं आय्.बी.एम्. ही अक्षरें लिहिलीं. थंडी मात्र शून्याखालीं सुमारें २६९ अंशांची! तत्पूर्वींच, १९८६ मध्यें, एरिक ड्रेक्सलर यांनीं ग्रंथ लिहून अणूस अणु जोडून वस्तु घडविणाऱ्या सूक्ष्म यंत्रांची कल्पना मांडली होती. कोळसा काय, हिरा काय, मुख्यत्वें कार्बनच, भेद रचनेचा. यावर नोबेलविजेते रसायनज्ञ रिचर्ड स्मॉली यांचा आक्षेप असा कीं, त्या यंत्राचीं बोटेंही अणूंचींच, म्हणून जाड आणि चिकट. धरलेला अणु सुटावा कसा? ड्रेक्सलर आपल्या शरीरांतील रायबोसोमकडे बोट दाखवितात. तो क्रमवार कण जोडून प्रथिनें घडवितो, हें खरें. पण तो पाण्यांत काम करतो, आणि हिरा घडवीत नाहीं. आम्हांस हें उत्तर अर्धेंच वाटतें.

शिवाय गणित आहे. मिलिमीटरचा शतांश बाजू असलेला ग्रॅफाइटचा एक घनाकृति कण सेकंदास एक अणु या वेगानें रचूं लागल्यास तीस लाखांहून अधिक वर्षें लागतील.