फुटबॉल क्लबचे स्थैर्य : महिंद्रा युनायटेड व बेरी यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
फुटबॉल क्लबचा इतिहास सामान्यतः हंगाम, सामने, खेळाडूंचे करार आणि जिंकलेले चषक यांच्या नोंदींतून मांडला जातो. या नोंदींवरून क्लबच्या खेळाचा दर्जा कळतो. तो क्लब किती काळ टिकेल, हे मात्र कळतेच असे नाही. प्रस्तुत लेखात मुंबईचा महिंद्रा युनायटेड व इंग्लंडमधील बेरी या दोन क्लबांच्या आधारे स्थैर्याच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

महिंद्रा युनायटेड : यश आणि समाप्ती
महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीचा संघ १९६२ मध्ये स्थापन झाला. पुढे तो महिंद्रा युनायटेड या नावाने व्यावसायिक क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. कूपरेज मैदानावर खेळणाऱ्या या क्लबने २००३ व २००५ मध्ये फेडरेशन चषक जिंकला. २००५-०६ च्या हंगामात प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. घानाचा युसिफ याकुबू, ब्राझीलचा होजे बारेटो आणि मुंबईचा स्टीव्हन डायस यांसारखे खेळाडू क्लबने करारबद्ध केले होते. २००८ मध्ये डुरँड चषक व आय.एफ.ए. शील्ड या दोन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या.

असे असूनही २००९-१० च्या हंगामानंतर हा क्लब बंद करण्यात आला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे धोरण स्वीकारले होते. कंपनीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यही असेल. परंतु तो एका संचालक मंडळाचा निर्णय होता. क्लब पुढे चालविण्याचा अधिकार वा साधन असलेला दुसरा कोणताही घटक अस्तित्वात नव्हता. पुणे एफ.सी. हा क्लबही २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरल्यानंतर काही वर्षांतच बंद पडला.

बेरी : समाप्ती आणि पुनरुज्जीवन
१८८५ मध्ये स्थापन झालेल्या बेरी क्लबने १९०० व १९०३ मध्ये एफ.ए. चषक जिंकला होता. भारतीय वाचकांना हा क्लब परिचित आहे तो बायचुंग भुतियामुळे. १९९९ मध्ये भुतियाने बेरीशी करार केला, तेव्हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत होता. या श्रेणीत २४ संघ असतात व प्रत्येक संघ इतर २३ संघांशी दोनदा, म्हणजे हंगामात ४६ सामने खेळतो. एवढे सामने व वर्षभराचे वेतन यांचा भार लहान शहरातील क्लबला पेलणे कठीण असते.

२०१८-१९ मध्ये बेरीने वरच्या श्रेणीत बढती मिळविली. पण त्याच हंगामात खेळाडूंचे वेतन थकले होते. २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लिश फुटबॉल लीगने क्लबला निष्कासित केले. मैदानावरील यश येथेही उपयोगी पडले नाही.

फरक पडला तो यानंतर. समर्थकांनी नवा संघ उभारून २०२०-२१ मध्ये दहाव्या श्रेणीतून खेळण्यास प्रारंभ केला. २०२२ मध्ये गिग लेन हे जुने मैदान समर्थकांच्या संस्थेकडे आले आणि २०२३-२४ मध्ये बेरी हे नाव पुन्हा स्पर्धेत दाखल झाले.

मराठवाड्याच्या संदर्भात :
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९९४ पासून, नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली येथील महाविद्यालये त्याच्या परिक्षेत्रात आहेत. महाविद्यालयीन संघाची स्थिती लहान प्रमाणावर महिंद्रा युनायटेडसारखीच असते. एखाद्या उत्साही क्रीडा संचालकाच्या बळावर संघ उभा राहतो आणि त्यांची बदली वा निवृत्ती झाली की विस्कळीत होतो. विद्यार्थी तर तीन वर्षांत बाहेर पडतात. याउलट नांदेडमध्ये श्री गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा अनेक दशके टिकून आहे, कारण तिच्यामागे समाज उभा आहे.

निष्कर्ष :
यशस्वी हंगाम व नामवंत खेळाडू क्लबला कीर्ती देतात, आयुष्य देतातच असे नाही. क्लब एकाच्या इच्छेवर उभा असेल तर ती इच्छा संपताच तो संपतो. अनेकांचा असेल तर बुडूनही पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून महाविद्यालयांनी संघनिवडीबरोबरच माजी खेळाडूंचे मंडळ, शेजारच्या महाविद्यालयांशी दरवर्षीचे ठरलेले सामने आणि त्यांची जपलेली नोंदवही यांकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. सातत्याची मात्र आहे.